स्वयंचलित प्रेषण, मोटारगाडीतील : दोषनिदान व घरगुती दुरुस्ती

मोटारगाडीच्या एंजिनात निर्माण होणारी शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या आणि गाडीचा वेग व तिच्यावरील भार यांनुसार दंतचक्रांचे गुणोत्तर चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय बदलणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित प्रेषण म्हणतात. व्यवहारात ती ‘ऑटोमॅटिक गिअर’ या नावाने ओळखली जाते. अशा गाडीत क्लचचे पेडल नसते. गाडी उभी ठेवणे, मागे घेणे, प्रेषण मोकळे ठेवणे आणि पुढे चालविणे यांसाठी दांड्याच्या अनुक्रमे पी, आर, एन व डी अशा अवस्था असतात.

या यंत्रणेतील बिघाडांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. तेलाची पातळी, वीजपुरवठा, बाहेरील जोडतारा, स्विच व संवेदक यांच्याशी संबंधित असलेले बिघाड हा पहिला वर्ग, तर पेटीच्या आतील घर्षण तबकड्या, झडपा, पंप व दंतचक्रे यांतील बिघाड हा दुसरा वर्ग होय. पहिल्या वर्गातील बिघाड घरी ओळखता येतात व पुष्कळदा दूरही करता येतात. दुसऱ्या वर्गातील बिघाड घरी केवळ ओळखावयाचे असतात. हा भेद न केल्यास एखाद्या साध्या फ्यूजच्या दोषासाठी संपूर्ण प्रेषण उघडले जाते. उलट, तेल जळाल्याच्या वासाकडे दुर्लक्ष झाल्यास थोडक्यात निभावणारी दुरुस्ती काही आठवड्यांतच फार मोठ्या खर्चावर जाते. म्हणून घरगुती दुरुस्तीत हत्यारांपेक्षा निरीक्षणाला अधिक महत्त्व आहे.

इतिहास : द्रवाच्या साहाय्याने शक्ती प्रेषित करण्याची कल्पना हेरमान फटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये मांडली, ती मूळची जहाजांसाठी होती. मोठ्या प्रमाणावर विकले गेलेले पहिले पूर्ण स्वयंचलित प्रेषण म्हणजे जनरल मोटर्स कंपनीचे ‘हायड्रामॅटिक’ होय. ते १९३९ मध्ये पुढील वर्षाच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी उपलब्ध झाले. टॉर्क कन्व्हर्टर वापरणारे ‘डायनाफ्लो’ हे प्रेषण ब्यूइक गाड्यांत १९४८ मध्ये आले, तर कप्पी व पट्टा यांवर चालणारे ‘व्हेरिओमॅटिक’ नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये प्रचारात आणले.

मुंबईचा मोटार-व्यवसाय मात्र दीर्घकाळ हाताने बदलावयाच्या गिअरवर पोसला गेला. कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही गाडी त्याचे उत्तम उदाहरण असून टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत शहराच्या रस्त्यांवर होती. गिअर पडताना होणारा आवाज, क्लचचा जोर आणि बंद पडलेली गाडी ढकलून चालू करण्याची रीत यांवर कारागिरांच्या व मालकांच्या कित्येक पिढ्यांचे ज्ञान आधारलेले आहे. स्वयंचलित गाड्या भारतात त्यापूर्वीही मिळत. परंतु २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरियो गाडीबरोबर कमी किंमतीचे स्वयंचलित प्रेषण उपलब्ध झाल्यानंतर त्या मध्यमवर्गीय कुटुंबांत झपाट्याने पसरल्या. बोरीवलीसारख्या उपनगरातील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात आता अशा गाड्या सर्रास दिसतात. जुन्या सवयी त्यांना लागू पडत नाहीत आणि पुष्कळसे चुकीचे निदान यातूनच उद्भवते.

प्रकार : दोषनिदानास आरंभ करण्यापूर्वी आपल्या गाडीतील प्रेषण कोणत्या प्रकारचे आहे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेवरून निश्चित करावे, कारण एकच लक्षण एका प्रकारात दोष असते, तर दुसऱ्यात स्वाभाविक असते.

(१) टॉर्क कन्व्हर्टरयुक्त प्रेषण : यात एंजिन व गिअरपेटी यांचा संबंध तेलामार्फत येतो. एंजिनाने फिरविलेली पाती तेलास गती देतात व ते तेल समोरील पाती फिरविते. पुढे ग्रहीय दंतचक्रांचे संच असून त्यांतील निरनिराळे भाग बहुतबकडी क्लचांनी पकडून किंवा सोडून गुणोत्तर बदलले जाते. क्लच दाबण्याचे काम तेलाचा दाब करतो. तो दाब पंप निर्माण करतो व झडपपेटीतील विद्युत् चुंबकीय झडपा त्याचे नियमन करतात. म्हणजे तेच तेल येथे शक्तिवाहक, दाबवाहक, वंगण व शीतक अशी चारही कामे करते.

(२) अखंड बदलणाऱ्या गुणोत्तराचे प्रेषण किंवा सीव्हीटी : यात दोन कप्प्यांची रुंदी तेलाच्या दाबाने कमीजास्त होते व त्यांवरील पोलादी पट्टा वर-खाली सरकतो. वेग वाढविताना एंजिनाचा आवाज एका पातळीवर चढून राहतो व गाडी मागाहून वेग घेते. हा त्याचा स्वभाव असून त्यास घसरण समजू नये.

(३) स्वयंचलित केलेले साधे प्रेषण किंवा एएमटी : यातील गिअरपेटी व कोरडा क्लच नेहमीचेच असतात, केवळ त्यांचे चालन विजेच्या अथवा तेलाच्या दाबाच्या यंत्रणेकडे सोपविलेले असते. गिअर बदलताना किंचित अडखळणे हा त्याचा दोष नव्हे. यातील क्लच साध्या गाडीप्रमाणेच झिजतो.

(४) दुहेरी क्लचचे प्रेषण : यात विषम व सम गिअरांसाठी दोन स्वतंत्र क्लच असतात. ते कोरडे असल्यास रांगत्या रहदारीत लवकर तापतात.

तेलाची तपासणी : पहिल्या प्रकारातील बहुसंख्य तक्रारींच्या बाबतीत तपासणीचा आरंभ तेलापासून करावा. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा. थोडे अंतर चालवून तेल तापलेले असावे. एंजिन चालू ठेवून व पायब्रेक दाबून दांडा प्रत्येक अवस्थेत काही सेकंद ठेवावा आणि पुन्हा पी अवस्थेत आणावा. नंतर मोजपट्टी काढून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी व परत घालून पातळी पहावी. काही उत्पादक मात्र एंजिन बंद केल्यावर लगेच पातळी पाहण्यास सांगतात. तेव्हा पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी. ही तपासणी उघड्यावर करावी. तळघरातील बंदिस्त वाहनतळावर एंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो व तो वासाने ओळखता येत नाही.

अनेक आधुनिक गाड्यांत मोजपट्टी नसते. त्यांत ठराविक तापमानास पेटीच्या बुचातून तेल ओघळण्यावरून पातळी ठरते. त्यासाठी गाडी आडव्या पातळीत उचलावी लागते आणि तेलाचे तापमान यंत्रावर वाचावे लागते. म्हणून हे काम कर्मशाळेत करणे श्रेयस्कर असते.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून पाहावा. ताजे तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. काही कंपन्यांचे तेल पिवळसर किंवा हिरवेही असते. तपकिरी रंग जुनेपणा दर्शवितो. काळा रंग व जळका वास असल्यास घर्षण तबकड्यांचे अस्तर जळत आहे, असे समजावे. दुधट गुलाबी रंग पाणी मिसळल्याचे चिन्ह होय. फेस येत असल्यास तेल जास्त भरलेले असण्याचा संभव असतो. फिरते भाग जादा तेल घुसळतात, त्यात हवा मिसळते व हवा दाबली जात असल्याने क्लचवरील दाब कमी होतो. परिणामी, तेल कमी असताना जी घसरण होते तीच तेल जास्त असतानाही होते. म्हणून अंदाजाने तेल ओतू नये.

गळती ओळखण्यासाठी रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. तांबूस व तेलकट डाग प्रेषणाचा, काळपट तपकिरी डाग एंजिनाच्या तेलाचा आणि रंगीत पण पाण्यासारखा पातळ डाग शीतकाचा असतो. मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलन यंत्रातून पुष्कळ पाणी ठिबकते. स्वच्छ पाण्याचा डाग हा दोष नव्हे.

लक्षणे व निदान : (अ) दांडा पी अवस्थेतून न निघणे : हा प्रेषणाचा दोष क्वचितच असतो. ब्रेक दाबल्याचा विद्युत् संदेश मिळाल्याखेरीज दांडा सुटू नये, अशी योजना असते. कोणासतरी मागे उभे करून ब्रेक दाबल्यावर लाल दिवे लागतात का, ते पहावे. न लागल्यास त्यांचा फ्यूज व ब्रेक पेडलावरील स्विच तपासावा. तो बदलणे हे बहुतेक गाड्यांत घरी करता येण्याजोगे काम आहे. उतारावर उभी केलेली गाडी असल्यास तिचा सारा भार आतील खिटीवर आलेला असतो व दांडा अडकतो. हातब्रेक आधी व पी अवस्था नंतर, हा क्रम पाळल्यास ही अडचण उद्भवत नाही.

(आ) एन अवस्थेत एंजिन सुरू होणे, पण पी अवस्थेत न होणे : दांड्याची जोडतार सैल झाल्याचे किंवा अवस्थादर्शक स्विच सरकल्याचे हे लक्षण आहे.

(इ) डी किंवा आर अवस्था घेतल्यावर गाडी उशिरा हलणे : प्रथम तेलाची पातळी पहावी. ती बरोबर असूनही केवळ थंड असताना विलंब होत असल्यास आतील रबरी बंधने कडक झाली असण्याचा संभव असतो. असा विलंब दिवसेंदिवस वाढत असल्यास तज्ञास दाखवावे.

(ई) घसरण : एंजिनाचे फेरे वाढतात, परंतु गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. तेल पुरेसे व स्वच्छ असताना असे होत असल्यास दोष आतील समजावा. ती एकाच गिअरमध्ये होते की सर्वांत, याची नोंद ठेवावी. एकाच गिअरमध्ये असल्यास विशिष्ट क्लच वा झडप, तर सर्वांत असल्यास दाब, पंप किंवा गाळणी यांकडे संशय जातो.

(उ) स्थिर वेगात थरथर : सरळ रस्त्यावर सु. ५० ते ६० किमी. वेगाने जाताना गाडी खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरते. मोकळ्या रस्त्यावर व मागे वाहन नसताना वेगवर्धक तसाच ठेवून ब्रेकला हलकासा स्पर्श करावा. थरथर तत्क्षणी थांबल्यास टॉर्क कन्व्हर्टरमधील बंधक क्लच दोषी असण्याची शक्यता असते, कारण ब्रेकच्या संदेशाने तो सुटतो. न थांबल्यास एंजिनातील ठिणगीचा दोष शोधावा. जुन्या तेलामुळे आलेली थरथर योग्य तेल बदलल्याने थांबण्याचा संभव असतो.

(ऊ) गाडी एकाच गिअरमध्ये अडकणे : नियंत्रक संगणकास दोष आढळल्यास तो पुढील हानी टाळण्यासाठी प्रेषण एका मधल्या गिअरमध्ये ठेवतो व इशारा-दिवा लावतो. सुकाणूखालील निदान-जोडणीस छोटे वाचक यंत्र लावून दोषांक पहावा. ‘पी ०७००’ हा अंक केवळ प्रेषणात दोष नोंदला गेल्याचे सांगतो. ‘पी ०७१५’ व ‘पी ०७२०’ हे अनुक्रमे आदान व प्रदान वेगसंवेदकांच्या मंडलाचे, ‘पी ०७३०’ चुकीच्या गुणोत्तराचा व ‘पी ०७४०’ बंधक क्लचच्या मंडलाचा निर्देशक आहे. दोषांक मंडल दाखवितो, बदलावयाचा भाग नव्हे. संवेदक विकत घेण्यापूर्वी त्याची जोडणी सैल, गंजलेली किंवा उंदराने कुरतडलेली नाही ना, हे पहावे. दुर्बल विद्युत् घटमालेमुळेही असंबद्ध दोषांक उमटतात. म्हणून तिची अग्रे स्वच्छ करून दाब मोजणे, ही पहिली पायरी असावी.

(ए) एएमटी गाडीतील बिघाड : गिअर न पडणे व एन अवस्थेत जाऊन थांबणे या तक्रारींत घटमाला, ब्रेकचा स्विच आणि चालनयंत्रणेच्या टाकीतील तेलाची पातळी क्रमाने तपासावी. क्लच झिजला असल्यास तो बदलल्यानंतर संगणकास नवीन पकडबिंदू शिकवावा लागतो. हे काम उत्पादकाच्या यंत्राशिवाय सहसा होत नाही.

उपनगरातील विशेष परिस्थिती : बोरीवलीहून दक्षिणेकडे जाणारी रहदारी मुख्यतः पश्चिम द्रुतगती महामार्ग, स्वामी विवेकानंद मार्ग व जोडरस्ता यांवर एकवटते आणि कामाच्या वेळी ती रांगत चालते. या स्थितीत टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल सतत घुसळले जाऊन तापते व शीतनासाठी वारा मिळत नाही. तापमान दर १०° से.ने वाढल्यास तेलाचे ऑक्सिडीभवन सु. दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ‘हे तेल कधीच बदलावे लागत नाही’ असे विक्रीच्या वेळी सांगितले गेले, तरी पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ या सदराखालील मुदत पाळावी. शहरातील वापर हा कठीण वापरच होय. एएमटी व कोरड्या दुहेरी क्लचच्या गाड्या वाहनतळाच्या चढणीवर वेगवर्धकाने तोलून धरू नयेत. ब्रेक लावून थांबावे. तशा तोलण्यात क्लच अर्धवट घसरत राहून जळतो.

दुसरे संकट पावसाचे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येणाऱ्या दहिसर व पोयसर या नद्या दाट वस्तीतून वाहतात आणि भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाल्यास सखल भागांत पाणी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला व उपनगरांतील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. प्रेषणपेटीस श्वसननलिका असते. तापलेली पेटी अकस्मात थंड पाण्यात बुडाली की, आतील हवा आकुंचन पावून पाणी आत ओढले जाते. घर्षण तबकड्यांचे अस्तर कागदी तंतूंचे व चिकटवलेले असते. थोड्या पाण्यानेही ते सुटू लागते. म्हणून पेटीपर्यंत पाणी चढलेली गाडी ‘सुरू होते का पाहू’ म्हणून चालू करू नये. आधी तेल पहावे. ते दुधट असल्यास गाडी सपाट वाहनावर चढवून कर्मशाळेत न्यावी. पेटीच्या बुचातून एका वेळी तेलाचा काही भागच निघतो व उरलेला टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. त्यामुळे एकदा तेल बदलल्याने पाणी निघून गेले, असे मानता येत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरयुक्त गाडी ढकलून सुरू होत नाही. कारण तेलाचा दाब निर्माण करणारा पंप सामान्यतः एंजिनावर चालतो. त्याच कारणाने चालक-चाके जमिनीवर ठेवून ती ओढत नेल्यास आतील भाग वंगणाशिवाय फिरतात व खराब होतात.

घरी तेल बदलणे : पुस्तिकेत रीत दिली असल्यासच हे काम घरी करावे. प्रथम भरण्याचे बूच सुटते का, ते पहावे व नंतरच निचऱ्याचे बूच उघडावे. हा क्रम उलटल्यास तेल काढून टाकलेली व पुन्हा भरता न येणारी गाडी हाती राहते. निघालेले तेल मोजावे व उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे तेवढेच तेल घालून पातळी पुन्हा पहावी. सीव्हीटीत साधे प्रेषण-तेल घातल्यास पट्टा घसरून कप्प्या खराब होतात. तळाच्या थाळीतील चुंबकावर राखाडी, मऊ थर असणे स्वाभाविक आहे. धातूचे कण किंवा कपच्या दिसल्यास काम तेथेच थांबवावे.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर कधीही विसंबू नये. पक्के आधार-खांब लावावेत. गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील सिमेंटच्या जोडठोकळ्यांची फरशी एका बिंदूवर भार आल्यास खचते, म्हणून जॅक व खांब यांखाली जाड फळी घ्यावी. पुढील चाकांनी चालणारी गाडी पी अवस्थेत असली, तरी तिचे एक पुढील चाक उचलताच ती हलू शकते. कारण विभेदी दंतचक्रांमुळे उचललेले चाक उलट फिरून दुसऱ्यास मोकळे करते. तेव्हा हातब्रेक ओढून मागील चाकांना अडसर लावल्याखेरीज जॅक लावू नये. नुकत्याच चाललेल्या गाडीचे तेल त्वचा भाजण्याइतके गरम असते. ब्रेक दाबून वेगवर्धक पूर्ण दाबण्याची ‘स्टॉल’ चाचणी काही पुस्तकांत दिलेली असते. तीत तेल काही सेकंदांत अतिशय तापते व गाडी सुटण्याचा धोका असतो. ती घरी करू नये.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक अपशिष्टविषयक नियमांखाली येते. ते गटारात ओतल्यास दहिसर नदीमार्गे मनोरीच्या खाडीत जाते. बंद डब्यात भरून ते अधिकृत संकलकास पोहोचविणाऱ्या कर्मशाळेकडे द्यावे.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा : जळका वास, धातूच्या कपच्या, दुधट तेल, सर्व गिअरांतील घसरण किंवा मोठा घरघराट यांपैकी एकही लक्षण असल्यास घरचे काम संपले, असे समजावे. झडपपेटीतील मार्ग अतिशय बारीक असून कापडाचा एक धागाही झडप अडकविण्यास पुरेसा होतो. पेटी उघडण्यास स्वच्छ खोली, विशेष हत्यारे व दाबमापक लागतात.

तथापि, घरी केलेले निरीक्षण वाया जात नाही. बिघाड गाडी थंड असताना होतो की तापल्यावर, कोणत्या गिअरात, किती वेगास, कोणत्या दोषांकासह आणि तेलाची स्थिती काय होती, एवढी टिपणे कागदावर घेऊन जाणाऱ्या मालकास कर्मशाळेत नेमका प्रश्न विचारता येतो. ‘संपूर्ण प्रेषण बदलावे लागेल’ असे सांगितले गेल्यास दाबाचे मोजमाप व थाळीतील अवशेष दाखविण्याची मागणी करावी आणि दुसऱ्या तज्ञाचे मत घ्यावे. विद्युत् मोटारगाड्यांत बहुधा एकाच गुणोत्तराचे दंतचक्र असल्याने हे प्रश्न पुढे कमी होतील. परंतु आज रस्त्यावर असलेल्या गाड्या आणखी पुष्कळ वर्षे वापरात राहणार असल्याने तेल, वीज व जोडण्या आधी तपासून पेटी शेवटी उघडणे, हाच क्रम उपयुक्त ठरतो.